खोडलेली ग्रहणं

मी तारे दुपारी बघतो. जेवणं झाली, बायको आडवी झाली की बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीचा पडदा ओढायचा, पंखा दोनवर ठेवायचा आणि लॅपटॉप उघडायचा. एकदा शेजारचे गुजराती गृहस्थ सायकलचा पंप मागायला आले तेव्हा मी असाच बसलो होतो. काय चाललंय असं त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी आधी ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ‘सरस, सरस’ म्हणत पंप घेऊन गेले. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते माझ्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करतात.

दुर्बीण माझ्याकडे नाही. ती घ्यावी असंही कधी वाटलं नाही, कारण मला थंडी बाधते आणि गच्चीवर डास असतात. पण जगात काही दुर्बिणी अशा आहेत ज्या कुठल्या एका ताऱ्याकडे टक लावून बसत नाहीत. सगळं आकाश तुकड्यातुकड्यानं टिपत जायचं आणि एक फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक फेरीत एकेका ताऱ्याचं तेज मोजलं जातं आणि तो आकडा वेळेसकट साठवला जातो. अशी वर्षानुवर्षांची मापं कुणालाही घरबसल्या बघता येतात. तारे इतके आहेत की शास्त्रज्ञांना सगळे बघायला सवड नाही, आणि संगणकाला निवडायला बसवलं तर तो कधी खडे ठेवतो आणि कधी तांदूळच टाकून देतो. म्हणून त्यांना आमच्यासारखी रिकामी माणसं लागतात.

मला या नादाला लावलं ते पुण्याहून व्याख्यानाला आलेल्या एका संशोधक बाईंनी. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी पडद्यावर एका ताऱ्याच्या तेजाचा आलेख दाखवला आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या. मी उभा राहून विचारलं की हे मोजणारं उपकरण बरोबर मोजतंय हे तपासतं कोण आणि किती दिवसांनी. सभागृहात हशा पिकला. त्या मात्र हसल्या नाहीत. नेमकं हेच विचारायला हवं, असं म्हणून त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं आणि शेवटी त्यांच्या प्रकल्पाचा पत्ता कागदावर लिहून दिला. घरी येताना बायको म्हणाली की तीस वर्षांनी का होईना, कॅलिब्रेशनबद्दल तुमचं ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं.

मी मूळचा जळगावकडचा. नोकरीसाठी बडोद्याला आलो आणि नंदेसरीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात तीस वर्षं काढली. तापमान, दाब, प्रवाह, जे जे मोजता येतं ते मोजणारी यंत्रं सांभाळायची. आमच्या काळात कागदाची पट्टी सरकत असे आणि तिच्यावर पेन रेघ ओढत असे. ती रेघ बघून मला सांगता येई की रिॲक्टरमध्ये काही घडलंय की नुसती तार सैल झाली आहे. रेघ हळूहळू उतरली तर काहीतरी घडलंय. रेघ एकदम धाडकन खाली येऊन लगेच वर गेली, तर शंभरात नव्व्याण्णव वेळा दोष आमच्या यंत्राचा. मग त्या जागी लाल पेनानं काट मारायची, ‘इन्स्ट्रुमेंट’ असं लिहायचं आणि सही करायची. आमच्याकडे वह्याही दोन असत. पाळीवर दिसेल ते कच्च्या वहीत, आणि पाळी संपताना खाडाखोड गाळून पक्क्या वहीत. माझी पक्की वही साहेब लोक नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत. ही फुशारकी आहे, पण खरी आहे.

ताऱ्यांच्या कामात मला हा जुना हात उपयोगी पडेल असं वाटलं. एक गोष्ट मात्र पचायला वेळ लागला. ताऱ्यांच्या मोजपट्टीत तेज कमी झालं की आकडा वाढतो. ही उलटी गंगा कुणी सुरू केली माहीत नाही, पण आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

आमचं काम प्रत्येक ताऱ्याची फाइल उघडून, खराब वाटतील ती मापं गाळून त्याला तीनपैकी एका गटात टाकायचं. पहिला गट ग्रहणाच्या जोडताऱ्यांचा. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, पण इतक्या लांबून आपल्याला ठिपका एकच दिसतो. एक दुसऱ्याच्या आड गेला की ठिपक्याचं तेज उतरतं, बाहेर आला की पूर्ववत होतं. ग्रहणच ते, फक्त कुणी डब्यांत तुळशीपत्र ठेवत नाही. गंमत अशी की हे तारे किती मोठे, किती जड, हे सगळं त्या आड जाण्यावरूनच कळतं. उजळ असताना ते काहीच सांगत नाहीत. दुसरा गट तरुण ताऱ्यांचा, म्हणजे नुकत्या जन्मलेल्यांचा. त्यांच्याभोवती अजून धुळीचं कडं असतं, आणि त्यातला एखादा ढिगारा मध्ये आला की तेज उतरतं. कधी उतरेल, किती उतरेल, काही नेम नाही. तिसरा गट स्थिर ताऱ्यांचा, ज्यांना काहीच होत नाही.

जोडताऱ्यांवर माझा पहिल्यापासून जीव जडला. वर्षांची मापं एका लांब रेघेवर मांडली तर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. पण ती रेघ ठरावीक अंतरानं कापून तुकडे एकावर एक ठेवले, आणि अंतर बरोबर निघालं, तर सगळी ग्रहणं एकाच जागी येऊन बसतात. कारखान्यात आम्ही हेच करायचो. दोन पाळ्यांच्या पट्ट्या कापून खिडकीच्या काचेवर एकीवर एक धरायच्या, उजेडात दोन्ही रेघा दिसत. लॅपटॉपवर ते एका बटणात होतं आणि तरी दर वेळी माझ्या छातीत धडधड होते. तरुण तारे मला आवडत नसत. ज्याला नियम नाही त्याच्याशी बोलायचं काय, असं मला वाटे.

ते दिवाळीनंतरचे दिवस होते आणि घरात एक काळजी सुरू झाली होती. बायकोला मधूनच चक्कर येई. बसलेली असताना, पोळ्या लाटताना, कधीही. क्षणभर डोळ्यांपुढे अंधार आणि मग काही झालंच नाही अशी ती कामाला लागे. ती इथलीच, जुन्या बडोद्याची. आजोबा संस्थानच्या नोकरीत, स्वतः तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. दुखणं सांगणं तिला कमीपणाचं वाटतं. ॲसिडिटी आहे, जवा दो, जाऊ द्या, एवढंच तिचं निदान. मी तिला ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घरच्या मशीनवर रोज सकाळ-संध्याकाळ, आणि चक्कर आली की लगेच, बीपी आणि नाडी मोजून लिहून ठेवायला सांगितलं.

मला तर काम मिळालं. मी दोन वह्या आणल्या. कच्चीत दिसेल ते लिहायचं आणि डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी पक्कीत उतरवायचं, तारीख, वेळ, तीन रकाने, पट्टीनं आखलेले. बहुतेक आकडे शहाणे होते. नाडी सत्तर, बाहत्तर, अडुसष्ट. मध्येच एखादेवेळी बेचाळीस किंवा अडतीस येई. तेव्हा मी दंडावरचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट गुंडाळायचो, पुन्हा मोजायचो आणि सत्तर आलं की आधीच्या आकड्यावर लाल काट मारायचो. मशीन घरगुती, पट्टा सैल होणारच. दोन महिन्यांनी पक्की वही बघून डॉक्टर खूष झाले. असली वही माझा कंपाउंडरही ठेवत नाही, असं ते गुजरातीत म्हणाले. ईसीजी काढला, तोही चांगला आला. अशक्तपणा असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि मी वही काखेत मारून ताठ मानेनं घरी आलो.

थंडीत पापडीच्या शेंगा घ्यायला आम्ही खंडेराव मार्केटला गेलो. उंधियूची पापडी तिला तिथलीच लागते. मी स्कूटर लावून आत आलो तर ती एका भाजीवालीच्या गोणपाटावर बसलेली, भाजीवाली तिच्या तोंडावर पाणी मारत होती. बेन एकदम धोळी थई गई, बाई एकदम पांढरीफटक पडल्या, असं ती मला सांगत राहिली. बायकोनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला तो पापडी तोलली का हा. सगळे हसले, मीही हसलो, पण स्कूटरची किल्ली दोनदा माझ्या हातातून पडली. मला भीती वाटत होती. घरी आल्याबरोबर मोजलं तर नाडी एक्केचाळीस. पट्टा काढला, नीट बांधला, पुन्हा मोजलं, सत्तर. मला हायसं वाटलं. एक्केचाळीसवर काट मारून मी तिला लिंबूपाणी करून दिलं.

याच सुमारास मी पुण्याच्या बाईंना ईमेल केलं होतं. माझ्या फाइली इतरांपेक्षा बऱ्या असतात असं माझं मत झालं होतं आणि ते कुणीतरी सांगावं अशी इच्छा होती. म्हणून माझ्या दहा ताऱ्यांचं काम तुम्ही स्वतः तपासा, असं मीच लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एका दुपारी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या की काका, तुमच्या फाइली फार स्वच्छ आहेत. मी आभार मानणार एवढ्यात त्यांनी एका ताऱ्याचा क्रमांक सांगितला. तो मी स्थिर गटात टाकला होता. त्याच मापांवरून प्रकल्पातल्या इतर दोघांनी तो ग्रहणाचा जोडतारा ठरवला होता. माझ्या फाइलमध्ये मात्र ग्रहणाची एकही खूण नव्हती आणि तेवीस मापं गायब होती. ती मी काढली का, असं त्यांनी विचारलं. काढली म्हटलं, खराब होती. एकेकटी, धाडकन खाली गेलेली. त्यांनी शांतपणे सांगितलं की दुर्बीण दोन-तीन दिवसांतून एकदाच त्या ताऱ्याकडे बघते आणि ग्रहण काही तासांत आटपतं. म्हणजे ग्रहण सापडलं तरी त्यात एकच माप येणार, एकेकटं, धाडकन खाली गेलेलं. ढग आले, चंद्राचा उजेड पडला, तर यंत्र स्वतःच त्या मापापुढे खूण करतं. तुम्ही काढलेल्या तेवीसांपुढे ती खूण नव्हती, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा. पाणी प्यायलो आणि मूळ फाइल पुन्हा उघडली. तेवीस मापं परत टाकली आणि बटण दाबलं. ती सगळ्या रेघेवर विखुरलेली होती, वेगवेगळ्या वर्षांतली, एकमेकांशी काही संबंध नसलेली. घडी घातल्यावर ती दोन जागी गोळा झाली. एक खोल खळगा, त्याच्यापासून बरोबर अर्ध्या फेरीवर एक उथळ. दोन तारे. दोन दिवस आणि काही तासांत एक फेरी पुरी करणारे. मी खोडलं तेवढंच त्यांना सांगायचं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी बायकोला हाक मारून उठवलं.

ती पदर सावरत आली, चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून बघू लागली. मी आधी माझी सपाट रेघ दाखवली, मग ही. तिनं गणिताच्या बाईसारखं विचारलं की मग हे ठिपके काढले कशाला होते. मी म्हटलं, चुकीचे वाटले, बाकीच्यांशी जुळत नव्हते. ती हसली.

“म्हणजे माझ्या वहीत करता तसंच की,” ती म्हणाली. “जित्याची खोड.”

ती थट्टाच करत होती. चहा ठेवते म्हणून आत गेलीसुद्धा. मी मात्र खुर्चीवरून उठू शकलो नाही. आतून आधण उकळल्याचा आवाज येत होता आणि मला त्या वहीकडे हात न्यायचं धाडस होत नव्हतं.

कच्ची वही टीव्हीखालच्या खणात होती. मी लाल काटांखालचे आकडे वाचत गेलो. बेचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस. एकूण अकरा. पट्टा सैल असला की आमचं मशीन आकडा देतच नाही, पडद्यावर E दाखवतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अकरांपैकी एकाही ठिकाणी E आलेलं नव्हतं. मशीननं आपलं काम चोख केलं होतं. चार महिने माझी बायको मला काहीतरी सांगत होती आणि मी त्यावर काट मारून सही करत होतो.

मग मी जे केलं त्याची आता लाज वाटते, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते अकरा आकडे वेळेसकट लॅपटॉपवर घातले आणि ताऱ्यांसारखी त्यांची घडी घालून बघितली. बारा तास, चोवीस तास, आठवडा. कुठल्याच अंतरानं ते एका जागी येईनात. काही नेम नव्हता. तरुण ताऱ्यांसारखे होते ते, ज्यांच्याशी बोलायचं काय असं मी म्हणत असे. चहा तसाच टाकून मी तिला चपला घालायला सांगितलं. संध्याकाळचा दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर जाऊन बसलो. एवढी कसली घाई, असं ती वाटेत तीनदा म्हणाली.

डॉक्टरांनी कच्ची वही चाळली. लाल काटांपाशी त्यांचं बोट थांबत होतं. पानं संपल्यावर ते गुजरातीतच म्हणाले, “काका, आ चोपडी पहेलां केम ना बतावी?”

ही वही आधी का दाखवली नाही. मी म्हटलं, ती कच्ची होती. बायकोनं टेबलाखालून माझ्या मनगटावर हात ठेवला.

त्यांनी तिच्या छातीला चोवीस तास ठोके नोंदणारं छोटं यंत्र लावून घ्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं छापील पट्टी टेबलावर पसरली. बारीक चौकटींचा कागद, त्यावर चाललेली रेघ. असा कागद मी आयुष्यभर हाताळला होता. रेघ ठोके टाकत चालली होती आणि दुपारच्या एका वेळी, मी शेजारच्या खोलीत तारे बघत बसलो असताना, चार सेकंद ती नुसती सपाट होती. तोवर सपाट रेघेइतकी मला कुठलीच रेघ आवडत नसे. मी ती जागा बोटानं झाकून धरली आणि त्या माणसानं हळूच माझं बोट बाजूला केलं.

त्याच आठवड्यात तिला पेसमेकर बसवला. उशीर झाला असता तर, असं मी डॉक्टरांना विचारायला लागलो तेव्हा त्यांनी मान हलवली आणि झाला नाही ना, एवढंच म्हणाले. त्या जर-तरची भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. जाऊही नये.

तो जोडतारा आता यादीत आहे. शोधणाऱ्यांमध्ये माझा उल्लेख नाही आणि तेच बरोबर आहे. मी माझ्या सगळ्या जुन्या फाइली पुन्हा उघडल्या आणि त्यांत आणखी दोन जोडतारे निघाले, माझ्याच हातानं स्थिर केलेले. पुण्याच्या बाईंना कळवलं तर त्यांनी मला आणखी काम दिलं, आणि मी आपणहून तरुण ताऱ्यांचा गट मागून घेतला. आता दुपारी मी त्यांच्याकडे बघत बसतो. त्यांचा नेम अजून लागत नाही, पण एकही माप काढत नाही. बायको कधीकधी शेजारी येऊन बसते आणि एखादा ठिपका फारच खाली गेला की याला काय झालं असेल, असं विचारते. मी माहीत नाही म्हणतो आणि आम्ही दोघं बघत राहतो.

तिची नाडी मी अजून रोज मोजतो. वही एकच आहे. आता आकडा साठच्या खाली सहसा जात नाही, पेसमेकर जाऊ देत नाही. मागच्या आठवड्यात एका सकाळी मात्र मशीननं सत्तेचाळीस दाखवलं. तिनं स्वतःच दंड वर करून पट्टा दाखवला, आता तो खरंच सैल होता, आणि ती म्हणाली, “आता तरी मारा काट, मी सांगते ना.”

मी पट्टा घट्ट केला आणि पुन्हा मोजलं. साठ. पण मोजताना पट्टा सैल असता तर E आलं असतं, म्हणून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुपारी बोलावलं. मग मी निळ्या पेनानं दोन ओळी लिहिल्या. सात वाजून दहा मिनिटं, सत्तेचाळीस, पट्टा सैल असावा असं ती म्हणते. सात वाजून चौदा मिनिटं, साठ. वही मी तिच्यापुढे धरली. तिनं दोन्ही आकडे वाचले, पहिल्या ओळीतल्या ‘असावा’वर बोट ठेवलं आणि सही केली.